वाटीवरची रेघ

तेहतीस वर्षं अंबडला बेअरिंगं तपासली,
केसाएवढ्या फरकासाठी माणसांशी भांडलो.
आता चुंचाळ्यात, पत्र्याच्या खोलीत,
रामसूरत निषादची शेव चाखत बसतो.

सोमवारची खारट. बुधवारची अळणी.
गुरुवारची बरी, पण काळपट.
सिडकोतल्या दुकानदारानं चाळीस पाकिटं परत धाडलीत.
"हाथ का अंदाज है, साहब," तो म्हणतो,
"गोंडा में कभी नहीं चूका."

मी वही मागतो. वही नाही.
मग तेलकट कॅलेंडरवर बोट ठेवून
आम्ही मागं मागं जातो:
खारट त्या दिवशी गावाहून फोन होता.
अळणी त्या दिवशी सुगंती तापानं फणफणलेली,
पीठ मळलं धाकट्यानं.
काळपट? त्यावर तो बोलला नाही.

हात खरंच सांगत होता सगळं,
फक्त मिठाबद्दल नव्हे.

स्टीलच्या वाटीत खिळ्यानं रेघ ओढली.
दहा किलो बेसनाला मीठ इथवर.
तेल बदलायचे वार कोळशानं भिंतीवर.

महिन्यानं दुकानदाराची साठ पाकिटांची मागणी आली.
त्या रात्री शेवटचा घाणा
त्यानं वाटी पालथी ठेवून काढला.
"ये घर का है."

जरा तिखटच होती.
मी डबा पुढं केला.