हक्काची शिवी

मोप्तीच्या धक्क्यावर, पाणी उतरायच्या दिवसांत
कड्यावरून अंतिंबे यायचा.
डोक्यावर पाटी, पाटीत कुटून वाळवलेले कांद्याचे गोळे,
आणि मला बघताच लांबूनच ओरडायचा,
"काय गं मासळीतोंडे, अजून मगरीनं खाल्लं नाही तुला?"
मी म्हणायचे, "ती फिरकतच नाही इकडं.
काल तू इथं ढेकर दिलास ना, चवळीखाऊ."
मग तो टेकायचा,
न विचारता माझ्या घागरीतलं पाणी प्यायचा.

त्याचे लोक आणि माझे लोक,
आमच्यात सोयरीक चालत नाही.
रक्त सांडणं तर नाहीच नाही.
चालतात त्या फक्त शिव्या, त्याही पिढीजात.
म्हणतात, फार मागे, उपासमारीच्या एका साली
माझ्या कुण्या खापरपणज्यानं
त्यांच्यातल्या एका रडत्या पोराला
स्वतःच्या मांडीचा लचका भाजून भरवला,
आणि कसलं मांस ते सांगितलं नाही.
खरं असेल, नसेल.
मी लंगडते ते काही त्यामुळे नाही.
अंतिंबे म्हणायचा, त्यामुळेच.

अलीकडे नदी चढते उशिरा, उतरते लवकर.
जाळ्याचे डोळे आम्ही बारीक करत आणले,
आता बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही
आणि मी ते विकते, गिऱ्हाइकाकडे न बघता.
वर कुठंतरी धरण आहे.
त्याच्याही वर, म्हणे, आभाळच तापलंय
लांबच्या कुणाच्या धुरानं.
धूर माझाही आहे, मासे वाळवायचा.
तो एवढा वर जात नाही, डोळ्यांतच जातो.

रात्री वाटतं, त्या लांबच्या माणसाला
एक सणसणीत शिवी हासडावी.
तोंड उघडते, आणि काही येत नाही.
शिवीला नातं लागतं.
तो काय खातो, कशाला भितो,
त्याच्या आईला गल्लीत काय म्हणत, मला ठाऊक नाही.
माझ्या घागरीतलं पाणी
तोही प्यालाय, न विचारताच.
पण टेकला नाही कधी.

मग रस्त्यावर बंदुका आल्या.
कुणाच्या, ते दर महिन्याला बदलतं.
एक हंगाम अंतिंबे आला नाही. दुसराही.
कांदे आले, कुठूनसे, ट्रकमधून,
अगदी मुकाट.

यंदा छावणीच्या रांगेत एक मुलगी.
पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हातात रिकामी पाटी.
पाटीच्या काठाला निळ्या वायरचं ठिगळ होतं.
ते मीच घातलेलं.
टेबलामागचा पोरगा विचारत होता,
नाव? यासिगी. कागद? नाहीत.
ओळखणारं कोणी?
"आहे," मी म्हटलं.
"मावशी, तुमचं हिच्याशी नातं?"
मावशी म्हणाला, आणि नातं विचारलं.
"रक्ताचं?" नाही.
"लग्नाचं?" तोबा तोबा.
त्याच्या कागदावर चौकटी दोनच होत्या.

मी तिच्याकडे वळले.
"चवळीखाऊच्या पोरी, शेवटची अंघोळ कधी केलीस?"
रांग गप्प. पेन हवेत.
ती बघत राहिली. हनुवटी हलली.
मग घोगऱ्या, अगदी बापाच्या आवाजात,
"नदीत पाणी ठेवलंय कुठं तुम्ही, मासळीतोंडे?"
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.
पोरगा म्हणाला, "हे मी कुठं लिहू?"
"समासात लिही," मी म्हटलं, "जागा आहे तिथं."

वाटेत तिनं बापाचं काही सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
वळणावर एवढंच म्हणाली, "तुम्ही लंगडता."
"घरी चल, सांगते."

चुलीवर पातेलं होतं.
तिनं झाकण उचलून आत डोकावलं.
"जेव आधी," मी म्हटलं,
"कसलं आहे ते विचारू नकोस."