पाऊण युनिट

तालमीमागची विहीर साठ फूट, वर तीस फुटी मनोरा,
मध्ये दहा टन लोखंड, टांगलेलं.
सगळं रिजेक्ट. ब्लोहोल पडलेल्या पंपाच्या बॉड्या,
तडकलेली फ्लायव्हील,
शिरोलीच्या फौंड्रीत गिऱ्हाइकानं नाकारलेला माल.
बाबालाल मुजावरनं वजनकाट्यावर ट्रक थांबवून
भंगाराच्या भावानं घेतला,
भाव तुटेपर्यंत दोनदा चहा.

मी वाइंडिंगवाला. उद्यमनगरात चाळीस वर्षं
जळक्या मोटारींचा वास अंगावर घेऊन घरी गेलो.
म्हणून मोटार माझ्याकडं :
दिवसा पत्र्यावरच्या चार पॅनलचं ऊन खाऊन
वजन वर ओढणारी,
आणि तीच, पहाटे उलटी फिरून
खाल्लेलं परत देणारी.

हिशेब सांगितला तेव्हा कट्ट्यावर सगळे हसले.
दहा टन, नव्वद फूट : पाऊण युनिट.
पाऊण! एवढ्यात एक इस्त्री तासभर.
त्यातलंही गिअर खातो, दोर खातो,
थोडं माझं वाइंडिंग खातं, खोटं कशाला बोलू.
उरतं अर्धं.

अण्णू वस्ताद तेवढे हसले नाहीत.
म्हणाले, नाल उचलताना मी पोराकडं बघत न्हाई.
खाली आणताना बघतो.
टाकतंय का ठेवतंय.

विहिरीच्या काठाला मोटेच्या दोराच्या खाचा आहेत,
करंगळी बसेल एवढ्या.
पहाटे चारला तिथं बोट घालून उभा राहतो.
रात्रभर लोखंड हललेलं नसतं,
कालचं ऊन त्याच्यात जसंच्या तसं.
ब्रेक सुटतो. वजन निघतं.
निघालेलं दिसत मात्र नाही,
दोरावर चुन्याची खूण केलीय, ती बघावी लागते.
मुंगीसुद्धा पुढं जाईल.
आणि आत आठ ट्यूब
एकदा लुकलुकून लागतात.
तांबडी माती, तिच्यात मुरलेलं ताक, हळद, तेल.
पहिला शड्डू.

आषाढात चार दिवस ऊन नव्हतं.
वजन अर्ध्यावरच चढलं होतं.
साडेपाचलाच तळाला टेकलं,
आवाजसुद्धा नाही, ठेवल्यासारखं.
ट्यूब गेल्या.
मला वाटलं, आता पोरं बाहेर येतील, काहीतरी बोलतील.
कुणी आलं नाही.
दारातनं बघितलं : काळोखात दोघंजण
एकमेकांना तोलून धरलेले,
नुसते श्वास,
कोण वर, कोण खाली, कळायला मार्ग नव्हता.

बाबालाल म्हणाला, अजून दोन टन मिळतंय,
ट्रॅक्टरच्या हाउसिंगचा अख्खा लॉट फेल गेलाय.
म्हटलं, ढगापुढं लोखंडाचा काय उपयोग?
तो गप्प.
मग मीच मनात गुणाकार केला,
चांगल्या उन्हाच्या दिवसाचा :
छत्तीस मिनिटं.
घे म्हटलं.
आधी दोर बघू.