दाराआडचा खिळा

पहाटे पाचची हिंगोली–सेनगाव माझी.
साडेतीनला उठते, दिवा लावत नाही.
अंधारात हात नेमका जातो
दाराआडच्या खिळ्यावर :
बिल्ला, शिट्टी, घराची किल्ली.

घरमालक म्हणाले होते, भिंतीला भोकं पाडायची नाहीत.
एकच पाडलं.
नऊ वर्षं झाली, त्यांनी अजून दार लावून बघितलेलं नाही.

आमच्याकडं बोलायला सवड नसते
म्हणून भांडी बोलतात.
ओट्यावर पेला पालथा : दूध आणायचंय.
पेला उताणा : आणलं, तापवलं,
आणि साय कुणीतरी आधीच खाल्ली.
काशिनाथच्या बीपीच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यात,
मोहरी आणि जिऱ्याच्या मधल्या वाटीत,
कारण वरणाला फोडणी तोच घालतो
आणि फोडणी तो विसरत नाही.

नळ आठव्या दिवशी.
बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर, त्याला सुतळीनं पेन्सिल.
पाणी भरेल त्यानं तारखेला गोल करायचा.
पेन्सिल कुणी नेऊ नये म्हणून सुतळी,
सुतळी कुणी सोडू नये म्हणून तीन गाठी,
तिसरी मी दातांनी आवळलेली.

भाकरीचं पीठ रात्रीच मोजून परातीत.
परातीवर ताट. ताटावर वरवंटा,
कारण मांजर आमचं ऐकत नाही.

नणंद एकदा म्हणाली, घर हाय का डेपो?
म्हटलं, डेपोत गाड्या चुकतात.

तरी फोन यायचाच.
गाडी खचाखच, पुढं हरभऱ्याची पोती,
मी पंचा काढून घाम पुसत तिकिटं फाडायला निघालेली,
आणि खिशात मन्मथ :
मम्मी, साखर कुठंय?
मम्मी, सॉक्स एकच सापडायलाय.
सगळी गाडी ऐकायची.
एका मंगळवारी मागच्या सीटवरचे आजोबाच बोलले,
गव्हाच्या डब्यामागं बग म्हनावं लेकराला,
मागल्या खेपंला तिथंच सांगितली व्हती की.

परवा सोमवारी फोन आला नाही.
सेनगाव आलं, गेलं.
फोन काढून बघितला. रेंज होती.
फाट्यावर परत बघितला.
एका बाईला दहाच्या ऐवजी वीस परत दिले,
तिनंच हात धरला, म्हणाली,
कामून गं, कुठं ध्यान हाय तुझं?
डेपोत हिशोब सात रुपयांनी कमी.
माझ्याच पाकिटातून भरले.

दुपारी घरी आले. कुलूप.
आत पेला उताणा.
कॅलेंडरवर गोल, अंड्यासारखा, पण योग्य तारखेला.
परातीत पिठाचा कण नाही.
ताट धुऊन, वरवंटा जागेवर.
मी ओढणी अडकवायला दार ओढलं
आणि दिसला :
माझ्या खिळ्याच्या बराच खाली,
सात वर्षांच्या पोराचा हात पुरेल एवढ्या उंचीवर
दुसरा खिळा.

भोवतीचा चुना वाटीएवढा उडालेला.
पोपडे झाडून कोपऱ्यात लोटलेले, उचललेले नाहीत.
खिळ्यावर त्याचे घरचे कपडे, बसपासचं रिकामं कव्हर,
आणि तो एकटा सॉक्स,
जोडीदार येईल म्हणून थांबलेला.
खलाजवळ बत्ता आडवा,
टोकाला पांढरं.

आता घरमालकांना काय सांगायचं
ते काशिनाथ आल्यावर बघू.

बत्ता उचलला. म्हटलं, खिळा सरळ करावा.
मग नीट बघितलं :
वाकलाय खरा, पण टोकाशी वरच्या अंगाला.
त्यावरून काही खाली पडणार नाही.
माझा सरळ ठोकलेला, त्यावरून बिल्ला
आठवड्यातून एकदा तरी निसटतो.

बत्ता पुसला, लसूण सोलला,
शेंगदाणे टाकले, तिखट टाकलं.
संध्याकाळच्या चटणीला
थोडा चुना लागला असेल.
कुणी काही बोललं नाही.
मन्मथनं दोनदा मागून घेतली.