शिल्लकेचा रकाना

रशियन मला खोक्यांपुरतं येतं.
ओझरच्या भांडारात एकतीस वर्षं
पाइनच्या फळ्यांवरची काळी अक्षरं वाचली:
उलटं करू नये, ओलाव्यापासून जपावं,
आणि बाणाशेजारी ‘व्येर्ख’, म्हणजे वर.
रिकामी खोकी लिलावात निघायची.
त्यातली एक फळी आमच्या स्वयंपाकघरात आडवी ठोकलीय,
रंजनाने तिच्यावर डबे मांडलेत,
आणि वर दाखवणारा बाण
इतकी वर्षं मिठाच्या बरणीकडे बोट करून आहे.

अर्कादी त्या खोक्यांमागोमाग आला.
टाउनशिपच्या क्वार्टरबाहेर बनियनवर बसून
बिनबियांची द्राक्षं खायचा आणि कुरकुरायचा,
यात मजा काय, थुंकायला काहीच नाही!
ग्रीस हुंगून डब्याचं साल ओळखायला
त्याने मला शिकवलं.
मी त्याला कार्ड शिकवलं.
जमा. खर्ची. शिल्लक.
पहिले दोन रकाने कुणीही भरतो,
तिसऱ्याला हात धुऊन बसावं.

परवा भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवलं.
आभाळातून टिपलेलं तिकडचं एक मैदान,
रणगाड्यांच्या रांगा,
लासलगावला लिलावाच्या दिवशी
ट्रॅक्टर लागतात तशा.
सरकवा मामा, म्हणाला.
पुढच्या साली तेच मैदान, मधे मधे गवत.
आणखी सरकवलं.
उरलेत ते बिनतोफेचे,
कुणाचा पट्टा काढलेला, कुणाचं बुरुजाचं तोंड उघडं,
त्यात पावसाचं पाणी.
भाचा मोजत होता.
मी खर्ची वाचत होतो.

माझा साडू नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होता.
देवळालीला तोफांचा सराव लागला
की त्याच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या
आणि तो चहा ढवळता ढवळता हिशोब सांगायचा:
हा गेला मास्तरचा वर्षाचा पगार.
हे गेलं विहिरीचं खोदकाम.
ही, थांब, ही दोनदा वाजली,
हिच्यात बाळंतपणाचा दवाखाना गेला.
दिवसभर नोटांच्या गड्ड्या मोजून आलेला माणूस,
खिशात रिक्षापुरते सुटे.

आता अर्कादीचा निरोप आलाय.
वय चौऱ्याहत्तर, आणि त्याला परत कामावर घेतलंय,
उरलच्या पलीकडे, रणगाडे दुरुस्तीच्या कारखान्यात.
तीन पाळ्या चालतात.
जुनी इंजिनं ज्यांना कळतात
ती माणसंही आता तेवढीच जुनी उरलीत, लिहितो.
पगार दुप्पट, लोणी तिप्पट,
दुकानात लोण्याच्या डबीला कुलूप.
नातू मित्या ज्या गाडीवर आहे
ती त्याच्या बापाहून मोठी आहे.
आणि मग, जरा लाजत,
विश्राम, पंपाची ती रबरी रिंग आठवते का?
आमच्या याद्या जळाल्या की विकल्या, देव जाणे.
तीच रिंग इथेही बसते.
नंबर सांगशील?

याच रिंगेसाठी मी त्यांना पत्रं लिहायचो.
पत्र. स्मरणपत्र. दुसरं स्मरणपत्र.
हँगरमधे विमान पाय पोटाशी घेतल्यासारखं उभं,
आणि दीड वर्षाने उत्तर यायचं
भलत्याच नटाबद्दल.

नंबर?
तो मला पावकीसारखा पाठ आहे.
झोपेत उठवून विचारा.
अंगठ्याने पाच आकडे टाइप केले, सहावा राहिला.
फळीवरून मीठ काढताना रंजनाने विचारलं,
कुणाला पाठवताय?
अर्कादीला म्हणावं, की त्या पंपाला,
की त्या पोराला, जो आत बसणार,
हे मला नीट सांगता येईना.
रिंग नसली तर गाडी उभी राहील.
उभी राहिली तर तो वाचेल, की उभी आहे म्हणूनच मरेल,
हे कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं.

पाचही आकडे पुसले. लिहिलं:
मित्या सध्या कुठं आहे?

दोन निळ्या खुणा उमटल्या.
मग काही नाही.
दुपार गेली, दूधवाला आला, बाणगंगेवरून
चाचणीचं एक विमान घरघरत गेलं
आणि सवयीने मी आवाजावरून त्याची तब्येत ओळखली.

रात्री जुन्या वळणाने पुन्हा लिहिलं:
संदर्भ, आमचे आज सकाळचे पत्र.
विषय, मित्या.
उत्तराची वाट पाहत आहे.
स्मरणपत्र पहिले.