इथं रोज सरला

पोस्टकार्ड सिस्टर फिलोमिनानं दिलं,
म्हणजे टाकूनच दिलं,
सदरच्या शाळेत, मे महिन्यात,
जुनं कपाट रिकामं करताना
फाटक्या वह्यांच्या गठ्ठ्यात:
ब्रश पुसायला घ्या, मिस्त्री.

बाबांनी वह्यांना ब्रश पुसले.
हे तेवढं खिशात घातलं, खर्ऱ्याच्या पुडीशेजारी.

समोर कुठल्याशा परदेशी देवळाची भिंत.
पंखवाला एक जण गुडघा टेकून,
आणि वाचता वाचता मान वळवलेली एक बाई,
बोट अजून पानातच.
मागे कातरंगी शाईच्या चार ओळी,
भाषा कोणती कोण जाणे.
तिकीट कुणीतरी भिजवून काढलेलं.
पत्त्यातला एकच शब्द लागला मला:
कामठी.

त्याच्या निरोपाचं बाबांनी कधी विचारलं नाही,
तिनं काय उत्तर दिलं तेही नाही.
सिस्टरनं सांगितलं होतं एवढंच, की
ओल्या गिलाव्यावर काढतात हे,
वाळायच्या आत.
पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

रात्री जेवणं झाली की
कूलरच्या घरघरीत, ट्यूबलाइटखाली
ते कार्ड तिरपं धरायचे.
"पाय, इथं रोज सरला त्याचा.
पंख अर्धा झाला न दिवस बुडाला.
मंग कडा तासली, घरी गेला.
दुसऱ्या दिवशी नवा माल कालवला,
थोडा पातळ झाला.
म्हणून हा पंख त्याच्यापेक्षा फिक्का."

"अन् हे तोंड?
तोंडाले आख्खा एक रोज देल्ला त्यानं.
मालकाले परवडलं असन का?"

आणि लुगड्याचा निळा, तो उडालेला होता,
खपल्या खपल्या.
"थो कोरड्यावर लावला.
घाई झाली असन नाहीतर पैसे सरले.
कोरड्यावरचं टिकन कसं?"

मला काही दिसायचं नाही.
इतवारीतून भिंग आणलं,
भिंगातून नुसते छपाईचे ठिपके दिसले,
पंख नाही, बाई नाही,
लाल-निळी राई सांडल्यासारखी.
मी म्हटलं, बाबा, कुठंय जोड?
ते हसले. म्हणाले,
भिंतीले भिंग लावून पायते का कोणी.

त्यांचे स्वतःचे रोज एका लाल वहीत होते.
कन्हानची रेती, चाळणी दोनदा.
बेलाचा गर, गूळपाणी.
२२ मे, ऊन भयंकर, तराई चार वेळा.
नावं मजुरांची: वच्छला, फागू, परसराम, परत वच्छला.
इमारतीचं नाव मात्र कुठंच नाही,
नुसतं "मोठी भिंत", "मागची भिंत",
"साहेबाची भिंत".

कार्ड त्या वहीत राहिलं, २२ मे जवळ.

आता पुट्टी आली.
पीओपीचे फुलांचे साचे पोत्यात मिळतात,
एका दिवसात खोली गुळगुळीत.
मी वाईट म्हणत नाही.
माझ्याही मनीषनगरच्या फ्लॅटला तेच आहे,
पोपडे येत नाहीत.

परवा सिव्हिल लाइन्सच्या एका जुन्या कचेरीत
बाबांच्या दाखल्यावर सही हवी होती.
साहेब जेवायला गेलेले, एकचे चार झाले.
लांब व्हरांडा, बाकाला एक पाय कमी.
वरच्या झरोक्यातून ऊन आडवं आलं
आणि भिंतीवर सरपटत गेलं.

तेव्हा दिसली.
बाकापासून हातभर वर,
नदीसारखी वळत गेलेली एक रेघ,
अलीकडे थोडी खरखरीत,
पलीकडे घोटून घोटून गार.
कुणीतरी इथं थापी धुतली,
सदरा झटकला, सायकल काढली.

ते बाबाच होते असं मी म्हणत नाही.
वहीत इमारतींची नावं नाहीत.

मी उठून बोट ठेवलं रेघेवर,
हळूहळू पुढे नेत गेले,
खिडकीपर्यंत,
स्विचबोर्डाच्या मागे ती हरवली तिथपर्यंत.

"ओ बाई," शिपाई म्हणाला,
"भिंतीले हात नका लावू,
डाग पडते."