बाण

सोहारला, बंदरामागच्या तिसऱ्या मजल्यावर
मी रोज एक शहर पाडते.
पडद्यावर वर्तुळं: वीज, पाणी, वायू, टॉवर.
मधे बाण.
समुद्र गोड करायला वीज लागते,
विजेच्या वाफेला तेच गोड पाणी.
आई म्हणायची तसं,
वेड जाईना, लग्न होईना.

सबस्टेशन पुसलं की
अकरा मिनिटांत पंप,
चार तासांत टॉवरच्या बॅटऱ्या,
मग टँकर, कारण डिझेलचा पंपही विजेवरच.
बाविसाव्या तासाला डायलिसिस.
तिथे मी नेहमी चहा आणायला उठते.

ऑगस्टात एका रात्री जेलीफिश आल्या,
समुद्रतोंडाच्या जाळीला चिकटल्या थरावर थर,
माझ्या यादीत नसलेल्या.
कंट्रोल रूमचा फोन लागेना.
खमीस बलुशी, ड्यूटी संपलेला,
चपला अडकवून दोन किलोमीटर चालत आला
आणि राखीव टाकीचा व्हॉल्व्ह
हातांनी फिरवला. गंजलेला. चाळीस फेरे.

सकाळी मी त्याचं वर्तुळ काढलं.
साहेब म्हणाले, ह्याला बाण कुठून येतो?

खमीसला विचारलं.
म्हणाला, गुडघा ठणकतोय.
मग म्हणाला, पहाटे वजूला नळ कोरडा,
बायकोनं हलवून उठवलं.

आणखी एक वर्तुळ काढलं.
नाव विचारायचं राहून गेलं.