खळ

कळमन्यात सकाळी लिलाव संपतो
आणि उरतं ते आमचं:
पिचकलेली, दबलेली,
एका अंगाने बुरशी चढलेली संत्री.
आडत्या विचारतो, "मॅडम, ज्यूस सेंटर टाकलं का?"
मी म्हणते, बॅटरी.
तो हमालाकडे बघतो. हमाल माझ्याकडे.
दोन क्रेट फुकट मिळतात.

खरं तर बॅटरी नाही.
तिची धाकटी बहीण म्हणा, उतावळी,
झटकन भरते, झटकन ओतून मोकळी होते.
हे कळमन्यात सांगत बसायला वेळ नसतो.

सालं गच्चीवर वाळतात. एप्रिल आहे, चव्वेचाळीस.
दोन दिवसांत कानासारखी वळतात.
मग भट्टी: आठशे अंश, हवा बंद,
आत नायट्रोजनची बारीक शिट्टी.
जळू द्यायचं नाही, फक्त काळं होऊ द्यायचं.
एवढा फरक शिकायला मला दीड वर्ष लागलं.
झाकण काढलं की आधी नाक नेते.
संत्र्याचा वास? काही नाही.
काळी भुकटी, आणि तिच्यात इतक्या खोल्या,
खोल्यांत खोल्या,
की सहा ग्रॅम उलगडली तर
यशवंत स्टेडियमचं मैदान झाकेल.

खिडकीतून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
त्यांच्या पोटात जातो तोही झाडपालाच,
उमरेडकडच्या खाणीतला,
कोट्यवधी वर्षं दगडाखाली झोपलेला.
माझ्या सालीला दोन तास पुरतात.
यात मिरवण्यासारखं काही नाही.
भट्टीची वीज कोराडीचीच.

अडचण भलतीच होती.
भुकटी फॉइलवर बसायची, वाळली की तडकायची,
म्हाताऱ्या टाचेसारखी.
चिकटवायचं रसायन बाहेरून यायचं,
ते ज्यात विरघळवायचं त्याने
संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं.
दिवा लागायचा चाळीस सेकंद.
एवढासा, लाल.

देवाजी निनावे, आमचे लॅब अटेंडंट,
काचेची भांडी धुता धुता तीन आठवडे हे बघत होते.
त्याआधी बावीस वर्षं
गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचा माग होता.
पुढे तो भंगारात गेला, वजनावर.
म्हणाले, "तुम्ही वरतून लिंपून राह्यल्या,
म्हणून फाटून राह्यलं ते.
ताण्याले खळ देतो न आम्ही, तशी द्या.
पातळ. अन् दोनदा.
अन् आधी तो पंखा बंद करा."

चिनोर नको म्हणाले, जाडा तांदूळ, जुना.
बीकरमध्ये शिजत ठेवला,
लॅबभर पेजेचा वास.
शेजारच्या विभागातून कुणीतरी डोकावलं: "जेवण?"
त्यांनी दोन बोटांत खळ घेऊन ताणली,
तार तुटेपर्यंत ओठांत काहीतरी मोजलं.
आकडा मला सांगितला नाही.
मग पिशवीतून काढली कुंची,
माळ्यावर अकरा वर्षं पडलेली,
आणि ती काळी ओल
फॉइलवर अशी ओढली
जणू पलीकडच्या टोकाला कुणी धागा धरून उभं आहे.

मिठाचं पाणी. मधे पातळाचा तुकडा, धुवट.
सहा मिनिटं अकरा सेकंद.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
"पुन्हा लावा," ते म्हणाले.
पाच बावन्न.
"हं. पाणी जास्त झालं."

वहीत लिहिलं: तांदळाची खळ, निनावे पद्धत.
सरांनी लाल पेनाने सुधारलं: निनावी.
मी वेलांटी खोडली, मात्रा पुन्हा दिली.

उरलेली खळ टाकू दिली नाही त्यांनी.
डब्यात घरी नेली.
सकाळी आले तेव्हा
खाकी शर्टाची कॉलर अशी ताठ,
की मान वळवायला
सबंध अंग वळवावं लागत होतं.
तसेच वळले, भट्टीकडे बघून म्हणाले,
"आज किती क्रेट?"